शिवाजी पार्कचें मैदान कोणाचें ?

सार्वजनिक जागेचा मालक कोण, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत जितका सोपा तितकाच व्यवहारांत बिकट आहे. पुस्तक सांगतें कीं जागा लोकांची. व्यवहार सांगतो कीं ज्याचा आवाज मोठा त्याची. मुंबईंत दादरच्या शिवाजी पार्कवरून गेलीं कित्येक वर्षें जो वाद चालला आहे, त्याच्या मुळाशीं हाच विसंवाद आहे. दसरा जवळ आला कीं सभेच्या परवानगीचा प्रश्न निघतो. डिसेंबर आला कीं गर्दीची तक्रार निघते. उन्हाळ्यांत धुळीची ओरड होते. आणि एखादी थोर व्यक्ति दिवंगत झाली कीं स्मारकाची मागणी पुढें येते. प्रत्येक वेळीं प्रश्न नवा समजून वाद घातला जातो, प्रत्येक वेळीं तो कसाबसा मिटविला जातो, आणि मूळ प्रश्नास कोणी हात घालीत नाहीं. तो मूळ प्रश्न आज आमच्या वाचकांपुढें शांतपणें मांडावा, असा आमचा हेतु आहे.

प्रथम इतिहास पाहूं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. दाट वस्ती, कोंदट चाळी आणि हवाउजेडाचा अभाव यांमुळें रोगास कसें फावतें, हा धडा त्या संकटानें दिला, व १८९८ सालीं कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, शीव या बाजूस रुंद रस्त्यांच्या व मोकळ्या जागांच्या वसाहती आंखण्याचें धोरण त्यांतूनच निघालें. माहीमच्या समुद्राजवळचें हें मैदान महापालिकेनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें, तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क असें होतें. भोवतालच्या बहुतेक इमारती त्यापुढच्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिल्या. म्हणजे मैदान आधीं, घरें मागाहून, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण आजच्या वादांत तो नेमका उलटा सांगितला जातो.

१९२७ सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें मैदानाचें नांव शिवाजी पार्क झालें. श्रीशिवछत्रपतींचें जन्मवर्ष तेव्हां १६२७ मानलें जात असे; १६३० हें वर्ष मान्य होण्यास अवकाश होता. त्या जुन्या गणनेप्रमाणें १९२७ हें त्रिशताब्दीचें वर्ष होतें. अवंतिकाबाई ह्या चंपारण्यांत गांधीजींच्या हाताखालीं काम केलेल्या, १९१८ सालीं हिंद महिला समाज काढणाऱ्या. परक्यांचें राज्य डोक्यावर असतांना स्वराज्याच्या संस्थापकाचें नांव शहराच्या मैदानास मिळावें, ही खटपट एका स्त्रीनें केली, ही गोष्ट महाराष्ट्रानें विसरूं नये. १९६६ सालीं येथें महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसविण्यांत आला, आणि २०२० सालीं महापालिकेनें मैदानाचें नांव आदरयुक्त व विस्तृत केलें. लोकांच्या तोंडीं मात्र तें अजून शिवाजी पार्कच आहे, व त्यांत अनादर कोणाच्याही मनांत नाहीं.

आतां या सुमारें २८ एकरांचा उपयोग कसा होत आला तें पाहावें. मैदानाचा पहिला आणि रोजचा उपयोग खेळाचा. रमाकांत आचरेकर यांनीं याच मातीवर मुलांच्या पिढ्या घडविल्या. सचिन तेंडुलकर हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध, पण एकटा नव्हे. समर्थ व्यायाम मंदिरांत मल्लखांबाची विद्या जिवंत राहिली व तेथून ती परदेशांत पोंचली. बंगाली मंडळींची दुर्गापूजा येथें होते. भोंवतीं एक किलोमीटरहून अधिक लांबीचा जो कट्टा आहे, त्यावर पेन्शनर, विद्यार्थी, तालमीहून परतलेले नट व कामावरून परतणारे कारकून एकाच ओळींत बसतात, आणि कोणी कोणास जात वा पगार विचारीत नाहीं. ज्याच्या बापास जिमखान्याची वर्गणी परवडत नाहीं, त्याच्या मुलास येथें चेंडूमागें धांवतां येतें. दोन खोल्यांत सहा माणसें राहणाऱ्या शहरांत ही चैन नव्हे; ही आरोग्याची आणि माणुसकीची गरज आहे.

दुसरा उपयोग सभेचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत आचार्य अत्रे यांच्या वाणीनें हें मैदान दुमदुमलें. ३० ऑक्टोबर १९६६ रोजीं शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा येथें झाला व पुढें तो दरवर्षींचा पाठ झाला. महाराष्ट्र दिनाचें संचलन येथें होत आलें आहे. २८ नोव्हेंबर २०१९ रोजीं एका मुख्यमंत्र्यांचा शपथविधि येथें झाला. या सभांतील मतें कोणास पटोत वा न पटोत. लोकांनीं उघड्यावर जमावें, पुढाऱ्यांचें ऐकावें, प्रसंगीं त्यांस हुर्यो करावें, हा लोकशाहीचा श्वास आहे. बंद दाराआड, निमंत्रणपत्रिका पाहून भरविलेली सभा ही त्याची बरोबरी करूं शकत नाहीं.

तिसरा उपयोग आमच्या मतें सर्वांत थोर आहे, आणि नेमका त्याच्याचविषयीं कुरकुर अधिक ऐकूं येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लींत झालें व दुसऱ्या दिवशीं दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथील चैत्यभूमीस वंदन करण्यासाठीं दरवर्षीं देशाच्या कानाकोपऱ्यांतून लाखों लोक येतात, आणि त्यांचा निवारा म्हणजे शिवाजी पार्क. महापालिका तेथें मंडप, पाणी, शौचकूप व दवापाणी यांची व्यवस्था करते. पुस्तकांच्या दुकानांपुढें दाटी होते. प्रवासाचे पैसे गांठीं बांधून आलेला शेतमजूर परत जातांना पुस्तक घेऊन जातो. ज्या शहरांत असा मेळावा भरतो, त्यानें त्याबद्दल नाक मुरडावें कीं अभिमान धरावा ?

येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या १९२७ सालीं या मैदानास शिवाजी महाराजांचें नांव मिळालें, त्याच सालच्या मार्च महिन्यांत महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह केला. सार्वजनिक पाणवठे व संस्था अस्पृश्यांस खुल्या कराव्या, असा ठराव सी. के. बोले यांनीं १९२३ सालींच मुंबईच्या कायदेमंडळांत संमत करून घेतला होता. त्यांचें नांव आज दादरच्या एका रस्त्यास आहे. महाडच्या नगरपालिकेनेंही तळें खुलें केल्याचें जाहीर केलें होतें. कागदावर सर्व कांहीं झालें होतें. फक्त पाणी पिण्याची वेळ आली तेव्हां काठ्या निघाल्या. तळ्यावरील हक्क उच्च न्यायालयांत कायम होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. ‘सार्वजनिक’ हा शब्द लिहिणें सोपें आणि पाळणें कठीण, याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या इतिहासांत नाहीं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ६ डिसेंबरच्या यात्रेकरूंकडे ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात, त्यांनीं महाडचें हें प्रकरण एकदां वाचावें.

आतां कायद्याकडे वळूं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें शांतता क्षेत्रांत आवाजाची मर्यादा दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल इतकी आहे. २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें शिवाजी पार्क हें शांतता क्षेत्र ठरविलें, आणि २६ जानेवारी, १ मे व ६ डिसेंबर हे दिवस अपवाद म्हणून मोकळे ठेवले. त्यानंतर सभा भरवूं इच्छिणारांस न्यायालयाची पायरी चढावी लागूं लागली. पुढें २०१६ सालीं राज्य सरकारनें, वर्षांतून ४५ दिवस हें मैदान खेळाव्यतिरिक्त कार्यांस देतां येईल, असें ठरविलें. वाद त्यानें मिटला असें वाटलें; वस्तुतः तो न्यायालयाच्या दालनांतून सचिवालयाच्या टेबलावर गेला, इतकेंच.

या वादांत तीन पक्ष आहेत व तिघांच्याही म्हणण्यांत अर्धें सत्य आहे. रहिवाशी म्हणतात, आवाज व धूळ यांनीं आमचें जिणें कठीण झालें. हें खरें आहे. आजारी म्हाताऱ्यास व परीक्षेस बसणाऱ्या मुलास रात्रभर कर्ण्याचा मारा सोसावा लागूं नये. मैदानावर पसरलेली तांबडी माती वाऱ्याबरोबर घरांत येते, ही तक्रारही पोकळ नाहीं. परंतु आवाज कमी करा असें म्हणणें निराळें आणि बाहेरचीं माणसें आणूं नका असें म्हणणें निराळें. पहिलें म्हणणें नागरिकाचें आहे, दुसरें जमीनदाराचें आहे. घराच्या खिडकींतून दिसतें म्हणून मैदान घराचें अंगण होत नाहीं.

सभावाले म्हणतात, आमची परंपरा इतक्या वर्षांची आहे, तेव्हां हक्क आमचा. या म्हणण्यांतील भावना आम्ही जाणतों, पण त्यांतील कायदा आम्हांस मान्य नाहीं. दरवर्षीं परवानगी मागून केलेली वहिवाट ही हक्काची वहिवाट होत नसते, हें नवख्या वकिलासही ठाऊक असतें. परंपरेस मान द्यावा. परंतु मान म्हणजे मालकी नव्हे. आज एका पक्षाची परंपरा मालकी म्हणून मान्य केली, तर उद्यां ज्या पक्षाचा जन्मच व्हावयाचा आहे, त्यानें सभा कोठें भरवावी ?

सरकार व महापालिका म्हणतात, निर्णय आमच्यावर सोपवा. हें म्हणणें तिघांत अधिक घातक आहे. घटनेच्या १९ व्या कलमानें नागरिकांस शांततेनें व निःशस्त्र जमण्याचा हक्क दिला आहे. अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं सांगितलें कीं, सार्वजनिक रस्त्यांवरील सभांचें सरकारनें नियमन करावें, परंतु सभेस सरसकट बंदी घालण्याचा वा मनास येईल तशी परवानगी देण्या-नाकारण्याचा अनिर्बंध अधिकार अधिकाऱ्याच्या हातीं ठेवूं नये. रस्त्याविषयीं जें न्यायाचें, तें मैदानाविषयीं अन्यायाचें कसें होईल ? तसेंच बंगलोरच्या एका वसाहतींत बागेसाठीं राखलेली जागा खाजगी रुग्णालयास देण्याचा घाट मुख्यमंत्र्यांच्या आज्ञेनें घातला गेला, तो सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं मोडून काढला. मोकळी जागा ही सरकारची मिळकत नव्हे. सरकार तिचें केवळ विश्वस्त आहे, असा या निकालांचा मथितार्थ आहे. आमच्या व्यापारी वाचकांस विश्वस्त म्हणजे काय तें समजावून सांगण्याची गरज नाहीं. दुसऱ्याच्या ठेवीचा हिशेब स्वतःच्या पैशापेक्षां अधिक काळजीनें ठेवतो, त्यासच पेढीवर पत राहते.

हा विश्वस्तपणा कसा सांभाळला जातो याचा मासला २०२२ सालीं पाहावयास मिळाला. एका पक्षाचे दोन भाग झाले व दोघांनींही दसऱ्याच्या मेळाव्यासाठीं हेंच मैदान मागितलें. महापालिकेनें कायदा व सुव्यवस्थेचें कारण पुढें करून दोघांसही नकार दिला. उच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर रोजीं तो नकार रद्द करून एकास परवानगी दिली, आणि ५ ऑक्टोबरला मेळावा पार पडला. यांत कोण जिंकलें याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें इतकेंच कीं, एका मैदानाच्या एका दिवसासाठीं उच्च न्यायालयापर्यंत जावें लागावें, हें कारभाराचें लक्षण कीं कारभाराच्या अभावाचें ? अर्जांचा क्रम, उत्तराची मुदत व नकाराचीं कारणें हीं आगाऊ ठरलेलीं व सर्वांस ठाऊक असतीं, तर हा प्रसंग आलाच नसता. दोघे भांडतात म्हणून तिसऱ्यानें दार बंद करावें, ही न्यायाची रीत नव्हे. ती जबाबदारी झटकण्याची रीत आहे.

स्मारकांचा प्रश्न नाजूक आहे, तरी तो टाळून चालणार नाहीं. १८ नोव्हेंबर २०१२ रोजीं बाळासाहेब ठाकरे यांच्यावर व ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लता मंगेशकर यांच्यावर या मैदानांत अंत्यसंस्कार झाले. दोन्ही वेळां शोक खरा होता, व दोन्ही वेळां येथेंच स्मारक व्हावें अशी मागणी झाली. लताबाईंच्या कुटुंबीयांनींच तसा आग्रह नसल्याचें सांगून वाद वाढूं दिला नाहीं, हें त्यांस भूषणावह आहे. आमचें मत स्पष्ट आहे. ज्यांचें स्मारक करावें अशीं माणसें महाराष्ट्रांत पुष्कळ झालीं व पुढेंही होतील; मैदान मात्र वाढणार नाहीं. प्रत्येकास एक चौथरा दिला, तर शंभर वर्षांनीं येथें चौथरे राहतील आणि खेळावयास मुलें राहणार नाहींत. नकार द्यावयाचा तर तो व्यक्ति पाहून नव्हे, नियम म्हणून द्यावा. म्हणजे त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं.

तर मग करावें काय ? आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहींत. पहिली गोष्ट, वर्षारंभींच त्या ४५ दिवसांचें पत्रक प्रसिद्ध व्हावें, आणि किती दिवस खर्ची पडले व किती उरले याचा हिशेब मैदानाच्या प्रत्येक दाराशीं पाटीवर लिहावा. मंडप घालण्याचे व काढण्याचे दिवसही त्यांतच धरावेत. नाहींतर सभा एक दिवसाची आणि मुलांची गैरसोय पंधरा दिवसांची, असें होतें. दुसरी गोष्ट, अर्जावर ठराविक मुदतींत लेखी व सकारण निर्णय द्यावा, आणि सत्ताधारी व विरोधक यांस एकच कायदा लावावा. तिसरी, ज्यानें मैदान घेतलें त्यानें तें होतें तसें परत करावें. त्यासाठीं अनामत घ्यावी व खिळे, खड्डे, कचरा यांचा दंड तींतून वसूल करावा. चौथी, ६ डिसेंबरची व्यवस्था ही मेहरबानी नसून महापालिकेचें कर्तव्य आहे असें मानून तिची तरतूद अंदाजपत्रकांत पुरेशी ठेवावी. पांचवी, धुळीवर वर्षभर गवत राखणें व पाणी शिंपडणें हाच उपाय आहे. पावसाचें पाणी मुरवून तें या कामीं लावण्याची योजना महापालिकेनें आंखली आहे, ती नेटानें चालवावी. सहावी, मैदानांत नवें कायम बांधकाम एक वीटही होऊं नये, मग तें कोणाच्याही नांवाचें असो.

आणखी एक गोष्ट आहे, ती वादांत कधींच निघत नाहीं म्हणून आम्ही मुद्दाम काढतों. या मैदानास नांव एका स्त्रीच्या खटपटीनें मिळालें. मैदानावर स्त्रियांचा वांटा किती? संध्याकाळीं पिचेस कोणाच्या ताब्यांत असतात तें कोणीही कट्ट्यावर बसून पाहावें. मुलींचें क्रिकेट आतां जगभर गाजतें आहे, पण सरावास जागा मागावयास गेलेल्या मुलींस ‘मुलांचें झाल्यावर या’ असें ऐकावें लागूं नये. मुलींसाठीं आठवड्यांतील ठराविक वेळ राखून ठेवावी, स्वच्छ व सुरक्षित शौचकूप असावे, दिवे पुरेसे असावे. यांत सुधारणेचा डांगोरा पिटण्यासारखें कांहीं नाहीं. अर्धी मुंबई स्त्रियांची आहे, तर अर्धें मैदान त्यांचें आहे, हें साधें गणित आहे.

हें सर्व अधिकाऱ्यांनींच करावें असें म्हणून आम्ही नागरिकांस मोकळें सोडूं इच्छीत नाहीं. पाटी लावली तर ती वाचणारा हवा, हिशेब मांडला तर तो तपासणारा हवा. दादरच्या व्यापाऱ्यांचा धंदा या मैदानावरील गर्दीवर चालतो. सभेच्या दिवशीं व यात्रेच्या दिवशीं त्यांची विक्री वाढते. त्यांनीं पिण्याच्या पाण्याची व स्वच्छतेची थोडी जबाबदारी उचलली, तर तो धर्मही होईल आणि व्यवहारही. रहिवाशांनीं आवाजाविरुद्ध जरूर भांडावें, पण तेंच भांडण आपल्या आवडत्या पक्षाच्या सभेच्या दिवशींही करावें. आणि पक्षांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, मैदान भरविण्यानें जी शक्ति दिसते, तिच्याहून मोठी शक्ति तें दुसऱ्या दिवशीं स्वच्छ करून मुलांच्या हवालीं करण्यांत दिसते.

१६७३ सालीं शिवाजी महाराजांनीं चिपळूणच्या छावणींतील आपल्या अधिकाऱ्यांस लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. फौजेनें रयतेचें धान्य, लांकूडफांटा, भाजीपाला यांस हात लावूं नये, लागेल तें पैसे देऊन बाजारांतून घ्यावें, अशी त्यांत सक्त ताकीद आहे. राज्य आपलें, फौज आपली, मुलूखही आपलाच. तरीही रयतेच्या वस्तूवर सत्तेचा हक्क नाहीं, हा त्या आज्ञेचा अर्थ. त्या राजाचें नांव ज्या मैदानास दिलें आहे, तेथें तरी हा नियम चालला पाहिजे. सभा भरो, यात्रा भरो, सामना रंगो. परंतु वर्षाच्या अखेरीस महापालिकेनें मैदानाचा हिशेब लोकांपुढें ठेवावा आणि लोकांनीं तो मागून घ्यावा. जो मालक हिशेब मागत नाहीं, त्याची मालकी फार दिवस टिकत नाहीं.